जावयाच्या पँटची दुमड

माझी आत्या शिवणकाम करते आणि कुणाच्या बापाला घाबरत नाही. गिऱ्हाइकाने फार घाई केली की म्हणते, "मग तोवर उघडे फिरा." तरी गिऱ्हाइकं येतात, कारण तिची टीप उसवत नाही.

दुकानाच्या खिडकीखाली मातीचा अरुंद पट्टा आहे. तिथे आतोबा गुलखैरा लावायचे. काळपट लाल, जांभळ्याकडे झुकणारा. दरवर्षी बी धरायचे आणि पुढच्या वर्षी पेरायचे. ते गेले त्या वर्षी बी धरायचं कुणाला सुचलंच नाही आणि तो रंग संपला. आत्याने सगळ्या रोपवाटिका पालथ्या घातल्या. गुलाबी मिळाला, पांढरा मिळाला. "हा नव्हे," म्हणून ती हात हलवत परत यायची.

मग ती मुलीकडे परदेशात गेली, आणि तिथल्या बसथांब्यामागे, एका बंद दुकानाच्या कुंपणाशी तिला नेमका तोच रंग दिसला. रोज संध्याकाळी जाऊन ती वाळलेली बोंडं चाचपायला लागली. गुलखैऱ्याचं बी चपटं असतं, बोंडात बटणांसारखं गोल रचलेलं.

"आई, लोक बघतात गं!" मुलगी म्हणाली.

"बघू देत. त्यांना तरी दुसरा काय उद्योग आहे?"

जावई मात्र नियमाचा माणूस. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबणारा. आत्या निघायच्या आदल्या दिवशी तो ऑफिसातून थेट त्या कुंपणाशी गेला, झाडांत घुसला आणि तिला जवळजवळ ओढतच घरी घेऊन आला. "आई, असं बी नेता येत नाही. निदान विमानतळावर विचारलं तर खोटं बोलू नका."

ती खोटं बोलली नाही. इकडे उतरल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, तशी तिने रुमालातली पुरचुंडी काढून त्याच्यापुढे ठेवली. रोग नसल्याचा दाखला नाही, म्हणून त्याने ती कचऱ्याच्या पिंपात टाकली.

"एवढी माणसं उतरली, त्यांतल्या कुणाकडे मागितलात का दाखला?" आत्याने विचारलं. त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

मी तिला आणायला गेले होते. गाडीत बसल्यावर ती रडली, आतोबा गेले तेव्हासुद्धा रडली नव्हती इतकी. त्या जावयाचा मला असा संताप आला की सांगता सोय नाही.

सामानात त्याच्याच पँटींचं गाठोडं होतं. स्वारी बारीक झाली होती आणि तिकडचा शिंपी परवडत नव्हता. कंबर कमी करायची, खालची दुमड उसवून सरळ करायची, कारण म्हणे फॅशन गेली. दुसऱ्या दिवशी आत्याने वरचीच पँट ओढली. "न धुताच कोंबलीय बघ!" असं पुटपुटत तिने दुमडीचे टाके उसवले, आणि मशीनवर चपटं बी सांडलं.

ती बघतच राहिली. मग पोट धरून हसली आणि फोन लावला. "जावईबापू, त्या दिवशी झाडांत घुसलात ना? बी तुमच्या पँटमधून आलंय."

पलीकडून तो म्हणाला, "आई, जाळून टाका ते. नियम म्हणजे नियम."

"मला विचारलं, मला माहीत होतं ते मी दाखवलं. तुमच्या पँटचा जाब मी का देऊ? जाळायचं तर इकडे या आणि स्वतःच्या हातांनी जाळा."

तो आला, पण पुढच्या वर्षी. तोवर गुलखैरा खिडकीच्या वर गेला होता, आणि रंग तोच होता, आतोबांचा. जावई बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. "पण झालं ते चुकीचंच."

"असेल," आत्या म्हणाली आणि इस्त्री केलेली पँट तिने त्याच्या हातात ठेवली. कंबर बेतशीर झाली होती. दुमड होती तिथेच होती, उलट आणखी खोल.

"आई, ही काढायला सांगितली होती."

"ऐकलं होतं मी. पुढच्या वेळी हीच घालून या. त्या कुंपणाशी पिवळाही होता."