शुक्रीचं सुतक

शेळीला सुतक असतं असं मानणारा माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि त्याच्या डोंबिवलीच्या घरात मी अकरा वर्षं भाड्याने राहिलो. असा दुसरा कोणी कुणाच्या पाहण्यात असेल तर मला जरूर कळवावं. मी माझं विधान मागे घेईन. आमचे हे घरमालक जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मी 'मालक' म्हणायचो आणि ते मला 'भाडेकरू' म्हणायचे. 'अहो भाडेकरू, चहा झाला का?' अशी ते सकाळी कुंपणापलीकडून हाक मारत. त्यात कमीपणा दाखवण्याचा हेतू नसे. जी वस्तू जिथे आहे तिथे तिच्या नावासकट असावी, एवढाच त्यांचा आग्रह. नोकरीत तीस वर्षं साखळीने जमीन मोजल्यामुळे त्यांना मोजल्याशिवाय चैन पडत नसे. घरापासून स्टेशन सोळाशे चाळीस पावलं, हे त्यांनी मला राहायला आलो त्या दिवशीच सांगितलं. मी मोजून पाहिली तर सतराशे दोन भरली. त्यावर ते म्हणाले, 'तुमचे पाय आखूड आहेत.' हे खरं होतं.

मागच्या अंगणात त्यांच्या तीन शेळ्या होत्या, सोमी, बुधी आणि शुक्री. ही नावं लाडाने ठेवलेली नव्हती, ती सोयीची होती. ज्या वारी जी जन्मली तो तिचा जन्मवार, आणि जन्मवारी नखं कापायची नाहीत; वार विसरला जाऊ नये म्हणून तो नावातच घालून ठेवलेला. शेळीच्या खुराला सगळं जग खूर म्हणतं, मालक नख म्हणत, आणि नख म्हटलं की नखाचे सगळे नियम लागू. शनिवारी नाही, मंगळवारी नाही, अमावास्या-पौर्णिमेला नाही, दोन्ही एकादश्यांना आणि दोन्ही चतुर्थ्यांना नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच नाही. ही यादी त्यांनी गोठ्याच्या दारामागे पेन्सिलीने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती. मी एकदा हिशेब केला. तीस दिवसांतून शनिवार-मंगळवार मिळून आठ गेले, तिथींचे सहा, जन्मवाराचे चार, उरले बारा. काही दिवस एकमेकांवर पडतात ते धरले तर तेरा, फार तर चौदा. पुढे एक पाट, म्हणजे मादी करडू, शनिवारी जन्मली. तिचं नाव 'शनी' ठेवायला काकूंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, साफ नकार दिला. मालकांना मात्र ती सर्वांत लाडकी झाली, कारण शनिवार मुळातच वर्ज्य असल्यामुळे तिच्यापुरता एक वार वाचत होता. तिचं नाव त्यांनी बचती ठेवलं.

हे सगळं एखाद्या भाबड्या माणसाने केलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. मालक नवस करत नसत, भविष्य पाहत नसत, मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देऊन पुढे जात. मी एकदा विचारलं, 'मालक, शनिवारी नख कापलं तर शेळीला नेमकं काय होतं?' ते म्हणाले, 'मला काय माहीत? मी कधी कापलं नाही.' मग म्हणाले, 'हे बघा भाडेकरू, हद्दीचा दगड कोणी रोवला आणि का रोवला, ते मोजणीदाराने विचारायचं नसतं. दगड आहे ना? मग पाळायचा.'

नखं कापण्याचं त्यांचं काम मात्र बघत राहावं असं. शेळीला शेवग्याच्या झाडाशी आखूड दोरीने बांधायचं, तोंडासमोर फणसाच्या पाल्याची जुडी टांगायची आणि स्टुलावर बसून तिचा पाय मागे दुमडून आपल्या दोन गुडघ्यांत धरायचा. आधी टोकदार काडीने खुरातली माती कोरून काढायची. मग कल्याणच्या लोहाराकडून जुन्या कानशीची करवून घेतलेली वाकडी सुरी घेऊन आत दुमडलेली कड कापायची, तीही एकदम नाही, बटाट्याची साल काढावी तशी पापुद्र्या-पापुद्र्याने. आधी मळकट, मग पांढरं, आणि पांढऱ्यात जरा गुलाबी झाक दिसली की हात मागे. त्याच्या पुढे रक्त. 'कापायला कोणीही शिकतो,' मालक म्हणत, 'थांबायला शिकावं लागतं.' कापलेले तुकडे ते वर्तमानपत्रावर गोळा करून कढीलिंबाखाली पुरत, कारण घरात नख पडलं की भांडणं होतात. आमच्या दोघांत वाद होता तो फक्त आकड्याचा. शेळीच्या एका पायाला दोन खूर, म्हणजे चार पायांना आठ, असं माझं म्हणणं. मालक मागच्या बाजूला वर असलेल्या दोन-दोन खुंट्याही धरून सोळा म्हणत. जे जमिनीला टेकत नाही ते खूर कसं, असं मी विचारी. 'नख आहे ना? मग मोजायचं,' ते म्हणत. हा वाद नऊ वर्षं चालला आणि दोघांपैकी कोणीही एका आकड्यानेसुद्धा हलला नाही.

ही विद्या त्यांना शिकवली होती ठाकुर्लीच्या बाजूने डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन येणाऱ्या एका म्हातारीने. तिचा जन्म शेळ्यांत गेलेला. शिष्याने गुरूच्या विद्येला जोडलेलं हे पंचांग तिला अजिबात पसंत नव्हतं. 'आप्पा, आज कापताव का नाय?' ती भारा टाकता टाकता विचारी. 'आज चतुर्थी आहे,' मालक सांगत. 'म्हंजे बकरीला उपास हाय? मंग पाला परत नेताव मी.' असं म्हणून ती खरोखरच भारा उचलायला लागे आणि काकू आतून हसत.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी आमची मुलगी दहा महिन्यांची होती. तिला गाईचं दूध पचत नसे, म्हशीचं तर नाहीच. डॉक्टरांनी शेळीचं दूध सांगितलं. मालकांनी दुसऱ्याच दिवसापासून शुक्रीचं अर्धा शेर दूध आमच्याकडे द्यायला सुरुवात केली. मुलगी अंग धरू लागली. दर रविवारी मी तिला वाण्याच्या तराजूत बसवून वजन घेई. वाणी हसायचा, पण मापात कसूर करत नसे.

त्या वर्षी पावसाने भाद्रपद सरला तरी उघडीप दिली नाही. अंगणात चिखल, शेळ्यांची खुरं मऊ होऊन वाढलेली. शुक्रीची नखं कापायला मालकांनी सोमवार ठरवला होता. रविवारी सकाळी कल्याणहून पुतण्या निरोप घेऊन आला, मालकांचे थोरले भाऊ वारले. मालक गेले, स्मशानातून संध्याकाळी परत आले, आंघोळ केली आणि ओसरीवर बसले. काकूंकडून हिला, म्हणजे माझ्या बायकोला, कळलं ते असं, की दोघा भावांत चौदा वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांच्या मागे कल्याणच्या वाडीची वाटणी झाली, मोजणी अर्थातच मालकांनी केली, आणि थोरल्याने घातलेलं कुंपण अडीच फूट अलीकडे आलेलं निघालं. मालकांनी ते मागे घ्यायला लावलं. माप बरोबर होतं. त्या दिवसापासून थोरल्याने तोंड फिरवलं.

सोमवारी मालकांनी सुरीला हात लावला नाही. 'दहा दिवस सुतक आहे,' ते म्हणाले. मी म्हटलं, 'तुम्हाला आहे. शुक्रीला कसं?' 'घरातल्या सगळ्यांना असतं. ती घरातलीच आहे.' मग माझ्या मनात आलं, की सुतकातल्या घरचं दूध आम्ही कसं घ्यायचं? पण ते त्यांच्याही मनात येऊन गेलेलं होतं. त्यांनी दोघा शास्त्र्यांना विचारून ठेवलं होतं, 'तान्ह्या मुलाला चालतं.'

बुधवारी शुक्री लंगडायला लागली. दूध पावशेरावर आलं. गुरुवारी ती पुढचे गुडघे टेकून पाला खाताना दिसली. पाल्यावाली म्हातारी तिथेच उभी राहिली. 'आप्पा, बकरीची मुंज कवा केलाव? आमाला जेवाला नाय बोलावलाव ते?' तिचा सूर बदलला. 'द्या ती सुरी हिकडं. मला काय सुतक नाय.' मालकांनी मान हलवली. मीही म्हटलं, मी परगोत्री आहे, मी कापतो. ते म्हणाले, 'भाडेकरू, दादाचं मी आयुष्यात एक ऐकलं नाही. आता दहा दिवस पाळण्यापलीकडे माझ्या हातात काय आहे?'

शुक्रवारी सकाळी नवटाक दूध आलं, ते भांड्याच्या तळाशी दिसत होतं. मुलीला वरून तांदळाची पेज पाजली, ती तिने ओकून टाकली. दुपारपर्यंत ती रडली आणि मग रडायचीही थांबली, ते मला जास्त वाईट वाटलं. ही मला म्हणाली, 'तुम्ही नुसते आकडे करत बसू नका, जाऊन बोला.' मी गेलो, पण माझ्याकडे आकड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. मालक ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली. मी म्हटलं, 'मालक, सोमवारी अर्धा शेर होतं, बुधवारी पावशेर, आज नवटाक. दर दोन दिवसांनी निम्मं होतंय. तुमचं सुतक मंगळवारी संपतं, पण मंगळवार वर्ज्य. बुधवारी एकादशी. म्हणजे गुरुवार उजाडणार. आजपासून सहा दिवस. नवटाकाचं निम्मं, त्याचं निम्मं आणि त्याचंही निम्मं. तेवढ्यावर माझी मुलगी राहायची नाही.'

त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. 'बरोबर आहे,' एवढंच म्हणाले. मी परत आलो.

शनिवारी सकाळी उजाडल्या उजाडल्या अंगणात खाट्कन आवाज झाला. मालकांनी स्टूल ठेवलं होतं. काकू दारात येऊन म्हणाल्या, 'अहो, आज शनिवार आहे.' 'माहीत आहे.' 'सुतक आहे.' 'तेही माहीत आहे. मोरचुदाचं पाणी करून आणा.' मी जाऊन शुक्रीचं डोकं धरलं. पुढच्या उजव्या पायाची कड आत पूर्ण वळली होती आणि तिच्याखाली चिखल आणि एक टोकदार खडा अडकून आत कुजलं होतं. वास येत होता. त्या दिवशी मालकांचा हात एकदा गुलाबीच्या पुढे गेला, रक्ताचा थेंब आला आणि शुक्री ओरडली. ते थांबले. मग खाली मान घालूनच म्हणाले, 'दादा तेव्हा म्हणाला होता, अडीच फुटांनी तुझं काय अडलंय? माप बरोबर होतं हो, भाडेकरू. आजही मोजलं तर तेवढंच भरेल.' पुन्हा सुरी चालू झाली. एक खूर संपल्यावर त्यांनी वाक्य पुरं केलं, 'पण सोडता आलं असतं.'

पाय मोरचुदाच्या पाण्यात बुडवले, हळद-तेल लावलं. चौथ्या दिवशी शुक्री चारी पायांवर उभी राहून पाला खाऊ लागली. आठवड्याने दूध पावशेरावर आलं, पुढच्या आठवड्यात अर्ध्या शेराला थोडं कमी. मुलीचं घटलेलं वजन भरून यायला मात्र पाच रविवार लागले. सुतकाचे राहिलेले दिवस मालकांनी स्वतःपुरते काटेकोर पाळले. मग एकदा गोठ्यात गेलो तेव्हा दारामागच्या यादीत शेवटी त्याच सुवाच्य अक्षरात एक ओळ वाढलेली दिसली, 'लंगडत असल्यास सर्व दिवस चालतात.' पाल्यावालीला ती मी वाचून दाखवली. ती म्हणाली, 'येवढा लिवायला सुतक पडाला लागला?' पण मालकांसमोर ती हे बोलली नाही.

त्यानंतर मालकांनी मला पाय धरायला आणि हळूहळू सुरी धरायलाही शिकवलं. पुढे त्यांना दिसेनासं झालं तेव्हा ते स्टुलाशेजारी बसून विचारीत, 'पांढरं आलं का? आता हळू.' एका मार्गशीर्षात ते गेले. माझं-त्यांचं गोत्र वेगळं, नातं भाड्याचं. तरी मी दहा दिवस दाढी केली नाही, नखं कापली नाहीत. कचेरीत साहेबांनी कारण विचारलं. घरमालक वारले, असं मी सांगितलं. 'घरमालकाचं सुतक असतं होय?' ते म्हणाले. मी म्हटलं, 'आमच्याकडे शेळीलाही असतं.'

पाचव्या दिवशी काकू ओसरीवरून हलकेच म्हणाल्या, 'बचतीची नखं वाढलीत. सोमवारी करायची म्हणत होते.' तोवर ती एकटीच उरली होती. मी तिला अंगणात दोनदा फिरवून पाहिलं. डाव्या मागच्या पायावर किंचित, पण लंगडत होती. मी दारामागची शेवटची ओळ एकदा वाचली आणि स्टूल बाहेर काढलं. पाल्याची जुडी काकूंनी टांगली. माझी नखं वाढलेली होती, सुरी धरताना ती बोचत होती. खूर संपल्यावर मी मागच्या खुंट्यांवरूनही सुरी फिरवली. त्याची काही गरज नव्हती, त्या जमिनीला टेकत नाहीत. तुकडे वर्तमानपत्रावर गोळा केले, कढीलिंबाखाली पुरले आणि आत आलो.

'झाली सगळी?' काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, 'झाली. सोळा.'