कोर्ट उठेपर्यंत

वकील म्हणून मी पहिली केस जिंकले ती पक्षकाराला शिक्षा करवून. आज हसू येतं, पण त्या दिवशी मी अक्षरशः हवेत होते. साताऱ्याला कायद्याचं शिक्षण घेऊन मी नुकतीच सांगलीला आले होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि काळा कोट माझ्या अंगावरून उतरायला तयार नव्हता. कोर्टात बायका वकील दोन-तीनच. लोक मला टायपिस्ट समजायचे, आणि बाईला हे लोक काही समजतच नाहीत, यावर मी रोज घरी तावातावाने भाषण ठोकायचे.

माझे पक्षकार फौजेतून निवृत्त झालेले ऊसवाले शेतकरी होते. गाव त्यांना मेजर म्हणायचं. प्रत्यक्षात ते फौजेत स्वयंपाकी होते. कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेल्या त्यांच्या ट्रॅक्टरची एका शाळामास्तरांच्या लुनाशी टक्कर झाली आणि मास्तरांच्या नडगीचं हाड मोडलं. निष्काळजीपणे वाहन चालवून जखमी केल्याचा गुन्हा मेजरांवर लागला. मी कागद वाचले आणि ठरवून टाकलं. लढायचं तर तीन-चार वर्षं तारखा. गुन्हा कबूल केला तर एका दिवसात मोकळे. आरोपीनं कबुली द्यायची आणि त्या बदल्यात सरकारी वकिलानं कडक शिक्षेचा आग्रह सोडायचा, हा सौदा तेव्हा कायद्यात बसत नव्हता. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये मात्र तो आरामात बसायचा. मी सरकारी वकिलांसमोर एक प्लेट कांदाभजी ठेवली आणि भजी संपायच्या आत सौदा जमवला.

मेजरांना योजना सांगितली तर ते सावधान उभे राहून म्हणाले, तुमी म्हनाल तसं, वकीलबाई. त्यांची बायको प्रत्येक तारखेला बरोबर असायची. ती मला काहीतरी सांगायला यायची, आणि मी कागदांतून मान वर न करता तिला बाहेर बसायला सांगायचे.

मेजरांनी कबुली दिली. कोर्टानं किरकोळ दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद सुनावली. म्हणजे भिंतीकडेच्या बाकावर बसून राहायचं आणि साहेब उठून आत गेले की शिक्षा संपली. मेजर साडेपाचपर्यंत पाठ ताठ ठेवून बसले. बाहेर त्यांचे फौजेतले दोस्त खास साताऱ्याहून आले होते. मेजर सुटले एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांनी कोर्टाच्या फाटकासमोर हलगी लावली. गुलाल उधळला. माझ्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडवर गुलाल, तोंडात पेढा, आणि मी नाचायचं तेवढं बाकी होतं. मेजर तेवढे मान खाली घालून उभे होते; मला वाटलं, लाजतायत. व्हरांड्यात कुबड्यांवर उभे राहून मास्तर हे सगळं बघत होते, तेही मला दिसलं नाही.

माझं मोडलेलं हाड यांना निवडणुकीसारखं साजरं करायचंय, असा अर्ज मास्तरांनी थेट सरकारकडे केला. काही महिन्यांनी मेजरांना हायकोर्टाची नोटीस आली. शिक्षा फारच सौम्य आहे, ती वाढवावी, असं सरकारचं अपील होतं. आता खरंच तुरुंग समोर दिसत होता. मी नोटीस घेऊन माझ्या सीनियरांकडे धावले. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं, शिक्षा झाल्यावर गुलाल उधळणारी वकील उभ्या जन्मात पाहिली नाही म्हणाले. मग त्यांनी एक वाट दाखवली: सरकार शिक्षा वाढवून मागतं, तेव्हा आरोपीलाही निर्दोष सोडा म्हणता येतं. पण त्याला काही आधार पाहिजे, गावात जाऊन बघ.

मी एसटीनं गावात गेले. मेजरांच्या दारात पोचले तेव्हा उसानं भरलेली ट्रॉली उलटी मागे घेत एक बाई ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीलगत लावत होती. ट्रॉली मागे घेणं किती अवघड असतं ते बघणाऱ्यालाही कळतं. तिनं एका झटक्यात लावली आणि खाली उतरली. मेजरांची बायको. मेजर चुलीपुढे भाकरी थापत होते.

मी मेजरांना विचारलं, त्या दिवशी ट्रॅक्टर कोण चालवत होतं? त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. उत्तर तिनं दिलं.

"मीच की. ह्यास्नी कुठं येतुया ट्रॅक्टर? मी मास्तरांना जीपमदनं दवाखान्यात न्हेलं, हे ट्रॅक्टरवर राखन बसलं, आनि पोलिसांनी ह्यांचंच नाव घातलं. तुमास्नी सांगाय तीनदा आले. तुमी भाईर बसा म्हनला."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मेजर हळूच म्हणाले, तिच्यावर खटला नको म्हणून शेवटी मीच तिला गप्प केलं. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. गावात झेंडावंदनाला माजी सैनिक पहिल्या रांगेत उभे राहतात. कबुलीनंतर मेजर एकदाही गेले नव्हते. दंड भरला, विषय संपला, असं मला वाटत होतं.

हायकोर्टात माझंच प्रतिज्ञापत्र दाखल झालं: सौदा मी केला, कबुली मी द्यायला लावली, आणि ट्रॅक्टर कोण चालवत होतं हे मी विचारलंच नाही. भरल्या कोर्टात ते मोठ्यानं वाचलं गेलं. माझे कान लाल झाले आणि त्यातही मला मूर्खासारखं हसू येत होतं. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी सौद्याची कबुली रद्द केली आणि खटला रीतसर चालवायला परत सांगलीला धाडला.

सांगलीत मास्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. ट्रॅक्टर कोण चालवत होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, बाई चालवत होती, तिनंच मला दवाखान्यात नेलं. हे मी पोलिसांना सांगितलं होतं, तर पोलीस म्हणाले, घर एकच आहे. मग त्यांनी कोणी न विचारता पुढचं सांगितलं. रस्त्यात उसाची मोळी पडली होती, ती चुकवायला त्यांनी लुना एकदम उजवीकडे, ट्रॅक्टरच्या अंगावर घेतली होती. राग मला गुलालाचा होता, ते म्हणाले, पण शपथेवर खोटं कसं बोलू?

म्हणजे चालवणारीचाही गुन्हा नव्हता. जो घडलाच नाही त्या गुन्ह्याची कबुली मी भलत्याच माणसाकडून वदवून घेतली होती, आणि वर पेढा खाल्ला होता.

मेजर निर्दोष सुटले. त्यांच्या बायकोनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून मोकळं हसली. मी तर हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. ऑगस्ट लागला होता. मेजर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एवढ्या काळात त्यांनी मला या केसबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

"वकीलबाई, मग पंधरा ऑगस्टला मी म्होरं हुबा ऱ्हाऊ का?"