मेणकापडावरची लादी

मब्रूकाने जाण्याआधी नवऱ्याकडे, लख्मिसीकडे, एकच हट्ट धरला होता. "संगमरवर नको मला. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी घोटल्यास, आता माझ्यासाठी एक लादी घोट."

दफनानंतर तिसऱ्याच दिवशी लख्मिसीने अंगणात साचा मांडला. थडग्यावर लादी बसायची चाळिसाव्या दिवशी. अन्नाबा शहराचं कब्रस्तान समुद्राला लागून. खाऱ्या वाऱ्याने साध्या सिमेंटच्या लाद्या काही वर्षांत तडकतात. म्हणून त्याने पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं सिमेंट आणलं. ते ताकद धरायला वेळ घेतं, पण एकदा धरली की सोडत नाही. तळाला अंथरायला काही सापडेना, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मेजावरचं मेणकापड त्याने ओढून आणलं.

"बाबा, ते आईचं आहे!" मुलगी विदाद ओरडली.

"मग हे कोणासाठी चाललंय?"

साच्यात माल ओतल्यावर दोन तासांनी वरचं पाणी उडालेलं दिसलं आणि त्याने थापी फिरवली. साध्या सिमेंटला ते चाललं असतं. हे मात्र उशिरा आवळतं. आतलं पाणी अजून वर यायचं होतं, ते त्याने घोटून तिथेच कोंडलं. ह्याच चुकीवरून त्याने कित्येक गवंड्यांना झापलं होतं.

नळाला दिवसाआड पाणी. तरी तो रोज तीनदा लादीवर अंथरलेलं गोणपाट भिजवत राहिला, स्वतः मात्र तांब्याभर पाण्यात अंग पुसायचा.

एकोणचाळिसाव्या दिवशी त्याचा जुना जोडीदार सेबती मदतीला आला. गोणपाट काढलं. लख्मिसीने हात फिरवला, तर पापुद्रेच निघून तळहाताला चिकटले.

"थापी लवकर फिरवलीस," सेबती म्हणाला. "लेका, तूसुद्धा?"

लख्मिसीने हातोडीचा दांडा आपटला. आवाज खणखणीत आला. "अंग पक्कं आहे. तोंड तेवढं गेलं."

"संगमरवरवाल्याला फोन करू का?" विदादने हळूच विचारलं.

"थांब गं," सेबती म्हणाला. "उलटी करून बघू. खालच्या बाजूला ह्याने हात कुठे लावलाय!"

दोघांनी लादी उलटली आणि मेणकापड सोलून काढलं. खालचं अंग काळसर, तुकतुकीत निघालं. बारीक दळलेलं ते सिमेंट कापडाच्या कानाकोपऱ्यात शिरलं होतं. मब्रूका फळी न घेता थेट मेणकापडावरच कोथिंबीर चिरायची, त्यावरून लख्मिसी रोज कुरकुरायचा. सुरीने पाडलेल्या त्या चिरा आता एका कोपऱ्यात बारीक उंचवटे होऊन उठल्या होत्या.

"हीच बाजू वर," सेबती म्हणाला.

लख्मिसीने मान डोलावली. त्याच्या हातची बाजू मातीकडे जाणार होती. तो उंचवट्यांवरून बोट फिरवत राहिला, पण सिमेंटने खाल्लेल्या बोटांना काहीच कळेना.

"विदाद, इकडे ये. लागतात का हाताला?"

"लागतात, बाबा."

"किती आहेत?"

ती बोटाने चाचपत मोजू लागली. सतरा म्हणाली आणि तळहात त्या कोपऱ्यावर तसाच ठेवून बसली. लख्मिसी मात्र कान देऊन पुढच्या आकड्याची वाट बघत बसला होता.