तोंड दाराकडं

आम्ही चार जुन्या नर्सा भेटलो की किस्से निघतातच. डॉक्टर राउंड घेऊन निघून जायचे, म्हातारी माणसं मात्र दिवसभर आमच्याच वाट्याला! सत्तरच्या दशकात मी जालन्यात स्टाफ नर्स होते, तेव्हाचे हे.

बदनापूरचे एक रिटायर मास्तर होते. चारला भेटायची वेळ झाली की बाकी खाटांभोवती डबे, लेकरं, गलका. मास्तरांचं कण्हणं बराबर तेव्हाच सुरू! पोट दाबून पाहिलं, पाठ पाहिली. काहीच न्हाई.

"मास्तर, दुखतंय कुठं?"

"कुठं ते सांगता येत न्हाई, सिस्टर. चार ते सहा दुखतं."

मंग रोज चारला मी चार्ट घेऊन त्यांच्याच खाटेशी बसायला लागले.

•

एका बाबांचा डिस्चार्ज ठरला. त्या सकाळी थर्मामीटरचा पारा थेट शेवटच्या रेघेवर! शेजारी चहाचा गरम कप.

मी म्हणलं, "बाबा, एवढ्या तापात माणूस जगत न्हाई."

"मंग मेलेल्या माणसाला घरी कशाला धाडता?"

•

एका आजीची नखं मी सोमवारी कापली. मंगळवारी तिनं पुन्हा हात पुढं केला.

"आजी, कालच कापली की!"

"म्हाईत हाय. तू धर तर खरं."

•

पिंपळगाव रेणुकाईच्या अनसूयाबाईंचं मांडीचं हाड मोडलेलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. पण भिंतीकडं तोंड करायला बिलकुल तयार न्हाई!

"दाराकडंच ठेव, बाई. लेक येणार हाय."

मंग मी अन् आमच्या आयानं, गयामावशीनं, एक आयडिया केली. कूस बदलली की खाटच उलटी फिरवायची. डोक्याकडची बाजू पायाकडं! हेड सिस्टर ओरडल्या, "खाट हाय का बैलगाडी?" पण अनसूयाबाईंच्या पाठीला एक जखम झाली न्हाई.

दोन महिन्यांनी लेक आला. उभ्या उभ्याच बोलला. "बस चुकंल," म्हणून पाच मिनिटांत गेला.

कूस बदलायची वेळ झाली. आम्ही दोघींनी सवयीनं खाटेला हात घातला.

"राहू द्या," अनसूयाबाई म्हणाल्या. "आता भित्तीकडं चालंल."