प्लास्टरची बाजू

आमच्या ह्यांच्या पायाला प्लास्टर मिळालं म्हणून मी जोतिबाला नारळ बोलले होते. आता सांगितलं तर लोक हसतील. पण त्या वॉर्डात महिना-दीड महिना काढलेला माणूस हसायचा नाही, कारण तिथं प्लास्टर मिळणं म्हणजे नशीब उघडणंच होतं.

पन्नास साल नुकतंच मागं पडलेलं. हे तालमीतले पैलवान, आणि पोटापाण्यासाठी गुळाच्या अड्ड्यावर मुकादम. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. तिथल्या पोरांना माझी जीभ ठाऊक होती आणि घरी ह्यांना. एका सकाळी गुळाच्या रव्यांनी, म्हणजे ढेपांनी, भरलेली बैलगाडी कलंडली आणि तिचा लाकडी साटा ह्यांच्या डाव्या नडगीवर आला. तालमीची रीत अशी की हाड मोडलं, सांधा निखळला, तर आधी वस्तादांकडं जायचं. वस्तादांनी पाय नुसता पाहिला आणि हात मागं घेतला. "हे माझ्या हातचं न्हाय. दवाखान्यात न्या." एवढं शहाणपण त्या म्हाताऱ्याकडं होतं, हे मी आजही मान्य करते.

दवाखान्यात हाडांचा एक तरुण डॉक्टर नवीन आला होता. मवाळ बोलायचा, पण मनानं भलता हट्टी. त्यानं एक तपास चालवला होता. नडगी मोडलेला एक माणूस आला की त्याला तिथल्या तिथं प्लास्टर घालायचं, आणि पुढचा आला की त्याचा पाय वजन लावून पलंगावर ताणून ठेवायचा. तिसऱ्याला पुन्हा प्लास्टर. मग कुणाचं हाड लवकर जुळतं, कुणाचं वाकडं बसतं, हे ताडून पाहायचं. वशिला चालत नसे. वजनवाले खिडकीकडच्या रांगेत, प्लास्टरवाले भिंतीकडच्या. प्लास्टरवाला थोड्या दिवसांत कुबड्या घेऊन घरी जायचा. वजनवाला मात्र महिनोन्‌महिने पाय टांगून छताकडं बघत पडायचा. त्यामुळे खिडकीकडच्या नातेवाइकांची रोज नवी नाटकं चालायची. आमच्या माणसाला लई दुखतंय, वजन काढा, प्लास्टर घाला! डॉक्टर वैतागला आणि त्यानं नियमच केला: दुखतंय की नाही ते फक्त रोग्यानं सांगायचं. घरच्यांचं एक अक्षर ऐकायचं नाही. "तुमचं ऐकून उपचार बदलत बसलो तर माझी तुलना कसली, बाजार होईल तो," असं तो म्हणायचा. तेव्हा मला ते पटलं होतं.

आमच्या आधी थोडाच वेळ शिरोळकडचा एक ऊसवाला शेतकरी आला होता. वजन त्याच्या वाट्याला आलं, म्हणून प्लास्टर आमच्या. मांडीपासून पावलापर्यंत ओलं पांढरंशुभ्र प्लास्टर चढलं. बाहेर दिसत होती ती नुसती पाच बोटं. तो शेतकरी समोरच्या पलंगावर "आयाया, मेलो की गं आई" म्हणून वॉर्ड डोक्यावर घेत होता. वस्ताद ह्यांच्या उशाला स्टूल घेऊन बसले होते. म्हणाले, "ऐकलंस? गडी म्हनायचं का बाई?" हेही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध-भाकरी घेऊन गेले तर ह्यांच्या कपाळावर घामाचे थेंब, आणि चादरीचा बोळा मुठीत. मी विचारलं, "दुखतंय?"

"न्हाय."

"मग चादर का पिळताय?"

"तू गप की जरा."

मी बायको आहे, मला का कळत नाही? ह्यांचा खांदा एकदा कुस्तीत निखळला होता, तेव्हाही चेहरा इतका पांढरा पडला नव्हता. पण तालमीत एक शिस्त होती. कुस्तीच्या हौद्यात उतरलेल्या माणसानं 'दुखतंय' हा शब्द काढायचा नाही. काढला तर वस्ताद सगळ्यांदेखत कान धरून त्याला बाहेर घालवायचे, मग तो केवढाही मल्ल असो. हे तिथं लहानाचे मोठे झालेले. आणि वस्ताद तर उशालाच!

डॉक्टर आला. त्यानं बोटांना हात लावून ती गरम असल्याची खात्री केली. मग अंगठा धरून हळूच वर ओढला. पाय आतून आवळला असेल तर या ओढण्यानं माणूस किंचाळतो, हे मला पुढं कळलं. त्याची ती परीक्षाच होती. ह्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली, पण तोंडावरची रेघ हलली नाही.

"दुखतंय का, पैलवान?"

"न्हाय जी."

"डॉक्टरसाहेब, हे खोटं बोलतायत," मी म्हटलं. "रात्रभर डोळा लागलेला नाही यांचा. डोळे बघा!"

डॉक्टर माझ्याकडं बघून थकल्यासारखं हसला. "बाई, खिडकीकडचे वजन काढा म्हणतात. तुम्ही प्लास्टर काढा म्हणताय. मी ऐकू कुणाचं?" आणि ह्यांना त्यानं पुन्हा एकदा नीट विचारलं, यात त्याची चूक नाही. ह्यांनी पुन्हा मान हलवली. वस्ताद ह्यांचा खांदा थोपटत म्हणाले, "वा रं माझ्या पठ्ठ्या!"

त्या दिवसभर मी बोटांवरच नजर ठेवून होते. बोटं सुजून तुकतुकीत झाली होती. हलवा म्हटलं तर हे हलवायचे नाहीत. सांगायचे, कशाला उगं हलवू. दुपारी मी वस्तादांना व्हरांड्यात गाठलं आणि पदर पसरला. "वस्ताद, तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत. एकदा म्हणा त्यांना, दुखत असेल तर सांग म्हणून."

"पोरी, मी सांगितलं तर दुखाय लागंल त्याला. मन मोडतंय त्यानं. मन मोडलं की हाड काय जुळतंय व्हय?"

"आणि पाय गेला म्हणजे?"

"असं वंगाळ बोलू न्हाई बायामाणसानं."

मला इतका संताप आला की आत येऊन मी ह्यांच्यावरच घसरले. "तुमच्या त्या मर्दपणाला आग लागो! तोंड उघडायला काय होतंय?" ह्यांनी डोळे मिटले होते. हळूच म्हणाले, "त्या शिरोळच्या पावण्यागत रडू व्हय, वस्तादांम्होरं?" समोर तो शेतकरी तेव्हाही कण्हतच होता. एक नर्स त्याच्या वजनाची दोरी सारखी करत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर हे उशीला टेकून बसलेले. चेहरा निवळलेला. मला बघून म्हणाले, "भूक लागलीया. काय आणलंस?"

"दुखतंय का?"

"न्हाय. आज खरंच न्हाय, तुझी शप्पत." म्हणजे आदल्या दिवशीचं 'न्हाय' खोटं होतं, हे ह्यांनी कबूलच केलं की! पण मला इतका आनंद झाला की रागवायचं सुचलं नाही. वस्ताद म्हणाले, "बघितलंस? उगाच जीव खाल्लास आमचा." मी भाकरी कुस्करून दिली, हे खायला लागले. चादर पायथ्याशी घसरली होती, ती सारखी करावी म्हणून मी वाकले आणि माझा हात बोटांना लागला.

बोटं गार होती. हिवाळ्यात पहाटे तांब्याची घागर लागते तशी. रंग बघितला तर काळपट, निळसर. मी करंगळीला चिमटा काढला. मग नख रुतवलं, चांगलं जोरात. हे भाकरी खात होते.

"अवो, मी चिमटा काढतेय."

"कुठं?" ह्यांनी विचारलं.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. डॉक्टर धावत आला. त्यानं टाचणी घेतली, एकेका बोटाला टोचली आणि ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ह्यांना वाटलं ही आणखी एक परीक्षा. हे ऐटीत बसून राहिले. वस्तादसुद्धा कौतुकानं बघत होते. डॉक्टरचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यानं कात्री मागवली, प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरलं, आणि आत जे होतं ते मी पाहिलं. त्याविषयी मी लिहिणार नाही. पाय गुडघ्याखाली कापला.

त्यानंतर डॉक्टर भिंतीकडच्या रांगेत प्रत्येकाची बोटं स्वतः टोचून बघायला लागला, आणि बायकांना विचारायला लागला, तुम्हाला काय वाटतं म्हणून. आता विचारतोय मेला, मी मनात म्हणायचे. वस्ताद यायचे ते वॉर्डाच्या दारापर्यंतच. आत पाऊल टाकायचे नाहीत.

शिरोळचा शेतकरी अजून पाय टांगून होता तेव्हाची गोष्ट. डॉक्टर येऊन ह्यांच्या पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, "पैलवान, चूक माझी आहे. मी तोंडाच्या शब्दावर विसंबलो."

हे म्हणाले, "सायेब, एक खरं सांगा. त्या दिशी मी दुखतंय म्हनलो असतो तर?"

"तर मी तिथल्या तिथं प्लास्टर चिरून सैल केलं असतं. कात्रीचं काम."

"आन् पाय ऱ्हायला असता?"

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. त्याला दिसलं नाही असं मुळीच नाही.

"हो," तो म्हणाला.

ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पुढं हे पुष्कळ वर्षं जगले, अड्ड्यावर बसून हिशेबाचं काम केलं, पोरं शिकवली. पण तालमीच्या गल्लीतून कधी गेले नाहीत, आणि कुणी तब्येत विचारली तर उत्तर देत नसत. मला त्या डॉक्टरचा राग आहे तो प्लास्टरसाठी नाही. आमच्या माणसानं त्याला दोनदा खोटं सांगितलं होतं. त्यानंही एकदा, एकच शब्द खोटा सांगितला असता, तर त्याचं काय जात होतं?