न पाहता सांगितलेले सिनेमे

माझं माहेर अमरावतीला, राजापेठेत. वडील शाळामास्तर. पगार बेताचा, पण सिनेमाचा नाद दांडगा, आणि त्याहून दांडगा नाद सिनेमा पाहून आल्यावर मतं गोळा करण्याचा. टॉकीजमधून घरी चालत येताना प्रत्येकानं आपलं मत सांगायचं, सुरुवात सगळ्यात धाकट्यापासून. धाकटी मी. नुसतं "आवडला" म्हणून सुटका नसे. "काहून आवडला?" हा प्रश्न यायचाच. भाऊ कंटाळून पुढे पळायचे, मी मात्र घर येईपर्यंत बोलत राहायची. आई म्हणायची, सासरी हिनं असं तोंड चालवलं म्हणजे आपला चांगलाच उद्धार होणार आहे. वडील हसून पुढचा प्रश्न विचारायचे.

सासर अकोल्याला मिळालं. कपाशीच्या बाजारामागच्या गल्लीत कवेलूचं, म्हणजे कौलारू घर, दोन खोल्या आणि पुढे पडवी. हे अडतीच्या दुकानात कामाला, सकाळी जात ते दिवेलागणीला येत. सासरे दर्यापूरकडे शेतावर असत आणि हप्त्यातून एकदा घरी डोकावत. बाकी सगळा दिवस घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. पहिल्याच आठवड्यात कळलं की आत्याबाईंनाही सिनेमाचं वेड आहे. मी मनात म्हटलं, चला, नशीब काढलं आपण.

बुधवारी दुपारी टॉकीजमध्ये बायकांचा खेळ असे. त्या दिवशी आत्याबाई जेवणं आटोपून ठेवणीतलं लुगडं नेसल्या. शेजारची शिंपीणकाकू आली, समोरच्या घरातली कंपाउंडरची बायको आली. मीही आत जाऊन पातळ बदललं आणि बाहेर आले.

"तू कुठी चालली वं?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमच्यासंगं."

"मंग घरी कोण राहीन?"

मला वाटलं, गंमत करतात. पण त्या घरात खरंच असा नेम होता. दिवसाउजेडी रिकाम्या घराला कडी घालायची नाही. घर उठलं असं दिसतं, अपशकुन होतो. म्हणून घरात माणूस पाहिजे. आणि ते माणूस म्हणजे तरणी सून असेल, तर तिच्या भल्यासाठी बाहेरून कडी घातलेली बरी. म्हणजे रिकाम्या घराला कडी घालायची नाही म्हणून मी आत, आणि मी आत म्हणून कडी. इतका चोख कायदा सरकारलासुद्धा जमला नसता.

कडीचा आवाज मला आजही ऐकू येतो. आधी दार ओढल्याची करकर, मग कोयंड्यात लोखंड बसल्याचा ठक्क आवाज, मग तिघींच्या चपला आणि हसणं गल्लीच्या टोकापर्यंत. मागं अंगण होतं, पण त्याला पुरुषापेक्षा उंच भिंत. अकोल्याचं ऊन त्या अंगणात तव्यावर पडावं तसं पडायचं. मला कोंडल्यासारखं वाटे असं म्हणणार नाही. मी कोंडलेलीच होते. पहिल्या दिवशी रडले. नंतर रडणं सोडलं आणि पितळेची भांडी घासायला घेतली, जोरजोरात, कुणावर तरी राग काढल्यासारखी.

खेळ सुटला की तिघी थेट आमच्या पडवीत येत. मध्ये भुईमुगाच्या फल्ल्यांचं सूप ठेवायचं, शेंगा फोडायच्या आणि सिनेमावर बोलायचं. मी चहा करून द्यायची आणि दाराच्या चौकटीशी उभी राहायची. प्रत्येकीचं बघणं वेगळं. शिंपीणकाकूला नायिकेच्या पोलक्यापलीकडे काही दिसत नसे. बाही कशी बेतली, गळा किती खोल, मागं गुंड्या की नाड्या, हे तिला मुखोद्गत. कंपाउंडरीणबाईचं माप म्हणजे तिचा पदर. पदर ओला झाला तर सिनेमा चांगला, कोरडा राहिला तर पैसे पाण्यात. आणि आत्याबाई जेवणावरून पारखत.

"तीन तास झाले, पोरगा उपाशी," त्या चिडून सांगायच्या. "नोकरी शोधून राहिला, गाणे म्हणून राहिला, मारामाऱ्या करून राहिला. पण एका तरी बाईनं म्हणावं का, बापा दोन घास खाऊन जाय? कायचे लोक होत हे?"

मला हसू यायचं आणि हेवाही वाटायचा. कारण तिघींच्या बोलण्यातून सिनेमा माझ्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी यायचा आणि मी रात्री पोळ्या लाटताना ते तुकडे जोडत बसायची. पोलकं इथलं, आसवं तिथली, मध्ये एक उपाशी पोरगा.

एका बुधवारी वाद पेटला. नायिका सासर सोडून जाते आणि शेवटी परत येते, ती का येते? शिंपीणकाकू म्हणाली, नवऱ्यावर जीव होता म्हणून. कंपाउंडरीण म्हणाली, पोरासाठी. आत्याबाई म्हणाल्या, उपाशी किती दिवस राहीन? मी किटली घेऊन उभी होते. वडिलांची सवय, दुसरं काय! तोंडातून निघून गेलं, "परत आली कुठं? जायला जागाच नव्हती तिले."

मला वाटलं, आता संपलं. पण शिंपीणकाकूनं शेंग तशीच हातात धरली. "हाव वं मायबाई! माहेरचं दार लावलेलं दाखवलंच होतं न एकदा. माह्या ध्यानातच नाही आलं."

त्या दिवसापासून माझी बढती झाली. मी चौकटीतून पडवीत आले, मला फल्ल्या फोडायला बसवलं. प्रत्येक सिनेमाचा निवाडा माझ्यापुढे येऊ लागला. तो खलनायक मनानं वाईट होता की कसं? ती थोरली बहीण शेवटी हसली काहून? आधी मी तिघींना खोदून खोदून विचारायची, मग मत द्यायची, आणि ते मत गल्लीभर फिरायचं. पलीकडच्या आळीतल्या बाया बुधवारी आमच्या पडवीत येऊन बसू लागल्या. आत्याबाईंचा रुबाब वाढला. पाटावर बसून त्या सांगायच्या, "आमच्या सुनेले सिनेमा पाहा लागत नाही. आमी नुसतं सांगतो, अन् ते आमालेच समजावून देते."

बाया कौतुकानं माझ्याकडे बघत. खोटं कशाला सांगू, मला ते कौतुक आवडायचं. आठवडाभर कुणी माझ्याशी मिठामिरचीपलीकडे बोलत नसे, आणि बुधवारी दहाजणी माझं तोंड उघडण्याची वाट बघत. आपण आपल्याच हातानं दुसरी कडी घालून घेत आहोत हे कळायला मला वेळ लागला. एकदा धीर करून मी म्हटलं, "आत्याबाई, पुढच्या बुधवारी मी येऊ का?" तर त्या खरोखरच्या नवलानं म्हणाल्या, "तुले काय करा लागते येऊन? तुले तं न पाहताच समजते."

मी यांच्याकडे विषय काढून पाहिला. यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं की आईबापाच्या देखत बायकोला घेऊन सिनेमाला जाणं बरं दिसत नाही, जायचं तर आईबरोबर जा. आईबरोबर जायचं तर घरी कोण, हा प्रश्न यांना पडला नाही. घरी मी असे, म्हणून यांना तो कधीच पडला नव्हता. मी दिवा बारीक केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. राग इतका होता की झोप लागली नाही.

असे किती बुधवार गेले कोण जाणे. एकदा वडील मला भेटायला अकोल्याला आले. आत्याबाईंनी मानानं पाट मांडला, पुरणपोळीचा आग्रह केला. जेवणं झाल्यावर पडवीत सुपारी कातरता कातरता वडिलांनी सवयीनं विचारलं, "काय वं पोरी, एवढ्यात कोणता सिनेमा पाह्यला?"

तेव्हा अमरावतीत आणि अकोल्यात एकच सिनेमा गाजत होता. आत्याबाई आदल्याच बुधवारी तो पाहून आल्या होत्या आणि माझं मत आळीत फिरून झालं होतं. मी तेच वडिलांना दिलं. सांगताना मलाच चेव आला. नायक कुठे चुकला, नायिकेच्या बापाचा हट्ट कसा खरा वाटतो, गाणी दोन जास्त का झाली, सगळं. वडील खूश होऊन मान डोलवत होते. खूप दिवसांनी आम्ही राजापेठेच्या रस्त्यानं चालत आहोत असं मला वाटलं.

मग ते म्हणाले, "अन् ते नायिका कंदिलाची काच पुसत बसते तेव्हा? तुले काय वाटलं?"

मी थांबले. कंदील? कुणीच मला कंदिलाचं सांगितलं नव्हतं. तिथं पोलकं दिसलं नसेल, पदर ओला झाला नसेल, जेवणाचा संबंध नसेल. तिथं कुणी काही बोललंच नसेल.

"काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहते," वडील मला आठवण देत होते. "कोणी बोलत नाही, गाणं नाही, काही नाही. माह्या तं तेवढंच ध्यानात राह्यलं."

मी खाली बघत बसले. आत्याबाईंना माझी दया आली असावी. त्या मोठ्या अभिमानानं मदतीला धावल्या आणि व्याह्यांना म्हणाल्या, "अहो ईवाई, तिनं पाह्यला कुठी? ते घरीच राह्यते. तिले पाहाच लागत नाही. इथं आल्यापासून एकही नाही पाह्यला, अन् पाहा कशी सांगते!"

वडिलांचा हात अडकित्त्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि प्यायला पाणी मागितलं. मुलीच्या सासरी बाप काय बोलणार? पाणी पिऊन ते इकडचं तिकडचं बोलत राहिले. निघताना उंबऱ्याशी जोडा घालायला वाकले, तेव्हा मी जवळ होते. वर न बघता हळूच म्हणाले, "ते तं त्यांचं मत झालं. तुहं काय?"

टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता, तिथपर्यंत जाण्याचीही मला रीत नव्हती. मी उंबऱ्यातूनच बघत राहिले. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती लाज आत्याबाईंची नव्हती, माझीच होती. बापानं लहानपणी जे एक शिकवलं, ते मी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर चालवत होते.

पुढच्या बुधवारी पडवी भरली. सूप मध्ये आलं. नवा सिनेमा, नवा पेच. शिंपीणकाकूनं मला विचारलं, "सांग बापा आता, त्या भावानं घर सोडलं ते बरं केलं का नाही?"

"मले माहीत नाही," मी म्हटलं. "मी पाह्यला नाही."

"आधी तरी कुठी पाहत होती?"

"म्हणूनच."

आत्याबाईंनी डोळे वटारले. बाया माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी शेंगा फोडत राहिले. जरा वेळानं बोलणं सरकीच्या भावावर गेलं आणि बाया लवकर उठल्या. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, भाजीत मीठ जास्त झालं तरी नाही. पुढच्या बुधवारी मी तेच उत्तर दिलं. त्याच्या पुढच्या बुधवारी पलीकडच्या आळीतलं कुणी आलंच नाही. मग कळलं की बैठक आता शिंपीणकाकूच्या ओसरीवर बसते. आत्याबाई तिकडे जाऊन आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "पोलकं, पोलकं अन् पोलकं. डोकं उठलं माहं." मी चहा पुढं केला. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्यानंतरच्या बुधवारी आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पडवीत बसून राहिल्या. शिंपीणकाकू आणि कंपाउंडरीण हाक मारून पुढे गेल्या तरी उठल्या नाहीत. मी चुलीशी होते. बऱ्याच वेळानं आवाज आला.

"पातळ बदल."

माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली. जीभ चावायला हवी होती, पण चावली नाही. "मंग घरी कोण राहीन?"

"घर काय पयून जाते?" आत्याबाई खेकसल्या. "चाल लवकर. पडद्यावरच्या नावाच्या पाट्या निंघून जातीन."

मी पातळ बदलून बाहेर आले. त्या दाराबाहेर उभ्या होत्या, पाठ फिरवून. म्हणाल्या, "कडी तूच घाल. रिकाम्या घराले माह्या हातानं नाही घालत मी." मी दार ओढलं, कोयंड्यात लोखंड बसवलं. बाहेरून तो आवाज बारीक वाटला.

सिनेमा अगदी टुकार निघाला. खेळ सुटल्यावर आम्ही चौघी ऊन उतरलेल्या रस्त्यानं चालत निघालो. मग आत्याबाईंनी विचारलं, "कसा वाटला?"

"मले नाही आवडला."

"काहून?"

मी सांगायला लागले आणि घर येईपर्यंत सांगत राहिले. दाराशी आलो तेव्हा कडी होती तशीच होती. मी ती काढली. आत कुणीही नव्हतं, आणि घर कुठेही पळून गेलं नव्हतं.