राहिलेला लाल ठिपका

सकाळी सातला ताईचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "शैले, हे उठत नाहीयेत गं…" एवढंच ती बोलली. पिठाच्या हातानेच मी रिक्षा पकडली. सिल्व्हर पार्कमधल्या माझ्या घरून खारीला ताईकडे पोचेपर्यंत खरं तर ताईची काळजी वाटायला हवी होती. पण डोक्यात एकच गोष्ट घोळत होती… आदल्या संध्याकाळी मी भावोजींना जे बोलले ते.

मधुकर भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे रत्नागिरीकडचे. खारीतल्या घराला लागूनच त्यांचं गॅरेज. माझा डब्यांचा धंदा, आणि दुपारी ऑफिसांत डबे पोचवणारी माझी जुनीपुराणी व्हॅन त्यांच्यामुळेच टिकून होती. मेव्हणीची थट्टा करायची एकही संधी त्यांनी सोडली नाही. "तू आणि तुझी गाडी, दोघी सकाळी एकदा रुसल्याशिवाय चालू होत नाहीत," असं ते चारचौघांत म्हणायचे. मीही काही कमी नव्हते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लाल नेलपॉलिशची बाटली असायची, तिच्यावरून मी त्यांना पुरतं छळलं. बाटली मुळात ताईसाठी आणलेली. "हात सदानकदा पिठात, कुठे लावू मी हे?" म्हणून तिने ती परत केली आणि भावोजींनी ती कामाला लावली. नट पूर्ण आवळला की त्यावर लाल ठिपका, आवळायचा राहिला असेल तर ठिपका नाही. "मधेच फोन येतो, माणूस चहाला उठतो. परत आल्यावर आपल्या आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही, ठिपक्यावर ठेवायचा," हे त्यांचं नेहमीचं.

एकदा एका गिऱ्हाइकाची गाडी चावी फिरवली की नुसतं 'टक्' करून गप्प बसत होती. मी तिथे सहज टेकले होते. त्यांनी मला ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावायला सांगितलं. चांगलीच तापली होती. "इंजिनची अर्थिंगची वायर सैल आहे," ते म्हणाले, "करंटला परतीची वाटच नाही. म्हणून तो बिचारा या एवढ्याशा केबलमधून जातोय." विजेची दया येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तसं बोलूनही दाखवलं.

यंदा माझ्या व्हॅनच्या इंजिनाने जीव सोडला. भावोजींनी दुरुस्त केलेलं, वरून रंग मारलेलं दुसरं इंजिन आणून बसवलं. त्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा ते हात पुसत होते. "आज नको, उद्या ये," म्हणाले. पण मी कुणाचं ऐकते! चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. चार दिवस डबे रिक्षाने पाठवून माझा जीव मेटाकुटीला आला होता. "झेपत नव्हतं तर सांगायचं ना भावोजी, दुसरीकडे दिली असती." ते चिडले नाहीत. "उद्या बघू गं, आज दमलोय," म्हणून आत गेले. तो उद्या उजाडला तो ताईच्या फोनने.

तेरावं झालं तरी व्हॅन गॅरेजातच उभी. एका मिस्त्रीने बॅटरी बदलायला लावली, काही फरक नाही. दुसऱ्याने दोनदा चावी फिरवली आणि बोनेट न उघडताच निकाल दिला, "मॅडम, इंजिन ही गलत बिठाया है. चाचा की उमर हो गयी थी ना." ताई दारातच उभी होती. तो गेल्यावर तिने हळूच विचारलं, "शैले, यांचं शेवटचं काम बिघडलं का गं?" मलाही तेच वाटत होतं आणि मी ते त्यांच्या तोंडावर बोलून बसले होते. माफी मागायला माणूस उरला नव्हता.

गेल्या रविवारी मीच बोनेट उघडलं. ताईला चावी फिरवायला सांगितलं. टक्, टक्, टक्. तेवढ्यात माझं मनगट ॲक्सिलरेटरच्या केबलला लागलं आणि चटका बसला. भावोजींनी दाखवलेली ती तापलेली केबल आठवली. मग वाकून एकेक नट पाहू लागले. सगळ्यांवर लाल ठिपके. फक्त इंजिनपासून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या जाड वायरीचा नट कोरा. बोटाने फिरला. त्याच्याखाली करंट अडवणारा इंजिनचा चंदेरी रंगही खरवडायचा राहिला होता.

भावोजी चुकले नव्हते. त्यांचं काम राहिलं होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर "उद्या ये" म्हणाले होते! मी तिथेच रडले आणि रडता रडता हसले. छातीवरचा धोंडाच उतरला. पॉलिश पेपरने रंग घासला, पाना लावून नट आवळला. "आता फिरव." व्हॅन अशी चालू झाली की ताई दचकून "अगं बाई!" म्हणाली. मी तिला कोरा नट दाखवला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच. हे काम बिघडवणारे नव्हतेच."

त्यांचा शर्ट अजून गॅरेजातल्या खिळ्यावर आहे. ताईने खिशातून बाटली काढली, गाडी बंद करायला लावली, पाना घेऊन नट स्वतः एकदा ताणून पाहिला आणि मगच त्यावर ठिपका दिला. ब्रशला थोडा रंग उरला होता. तो तिने पुसला नाही, आपल्या करंगळीच्या नखाला लावला.